लक्झेंबर्ग: युरोपियन स्कूल, सरकारी आंतरराष्ट्रीय शाळा की स्थानिक शाळा? (मुलगी १२, मुलगा ६)

कोथरूडकर

नमस्कार मंडळी. ऑगस्ट २०२६ मध्ये पुण्याहून लक्झेंबर्गला जायचे ठरते आहे. नोकरी खासगी कंपनीत, फंड ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये. युरोपियन संघाच्या कुठल्याही संस्थेशी संबंध नाही. कंपनी शाळेची फी देणार नाही. किमान पाच वर्षे तिकडे, पुढचे तेव्हाचे तेव्हा. परत येणेही शक्य आहे.

मुलीचा जन्म फेब्रुवारी २०१४, सीबीएसई, आता सहावी संपते आहे. मुलाचा जन्म नोव्हेंबर २०१९, पहिलीत आहे. दोघेही इंग्रजी माध्यमात, घरी फक्त मराठी. फ्रेंच आणि जर्मन शून्य.

'युरोपियन स्कूल' हे नाव सगळीकडे ऐकतो. कुणी म्हणते फुकट आहे, कुणी म्हणते बाहेरच्यांना घेतच नाहीत. तिथे मातृभाषा शिकवतात असेही वाचले. मग मराठी शिकवतील का? की मुलांना सरळ इंग्रजी विभागात घालायचे आणि मोकळे व्हायचे? माहीतगारांनी कृपया नीट समजावून सांगा.

---

मोझेलकाठ

फुकट आणि बाहेरच्यांना बंद, दोन्ही खरे आहे. फक्त या दोन वेगळ्या शाळांच्या गोष्टी आहेत. एका नावाखाली तिथे दोन प्रकार चालतात आणि सगळा गोंधळ त्यातून होतो.

पहिला प्रकार मूळ युरोपियन स्कूलचा. ही कल्पना जन्मलीच लक्झेंबर्गमध्ये. युरोपियन कोळसा आणि पोलाद समुदायाचे (युरोपियन संघाचे पूर्वरूप) कार्यालय तिथे आले, सहा देशांचे अधिकारी सहकुटुंब आले आणि त्यांच्या मुलांना आपापल्या भाषेत शिकता यावे म्हणून ऑक्टोबर १९५३ मध्ये पालकांच्याच पुढाकाराने शाळा सुरू झाली. सहा सरकारांनी १९५७ मध्ये तिला कायदेशीर चौकट दिली, १९५९ मध्ये पहिले युरोपियन बॅकलॉरिएट (शालान्त परीक्षा) झाले. आज अशा १३ शाळा आहेत; लक्झेंबर्गमध्ये दोन, एक किर्शबर्गवर आणि दुसरी मामेरला. प्रवेशाचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग युरोपियन संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचा, त्यांना शिकवणी शुल्क नाही. दुसरा, ज्या कंपनीने किंवा संस्थेने शाळेशी करार केला आहे तिच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचा, तिथे शुल्क मालक भरतो. तिसरा बाकी सगळ्यांचा: शुल्क स्वतः भरायचे आणि तेही जागा उरली तर. तुम्ही तिसऱ्या वर्गात. कंपनीच्या एचआरला एकदा विचारून घ्या की करार आहे का. 'नाही' असे उत्तर आले तर या दोन शाळांच्या भरवशावर राहू नका.

दुसरा प्रकार तुमच्या कामाचा. लक्झेंबर्ग सरकारने २०१६ पासून स्वतःच्या सार्वजनिक शाळांत हाच युरोपियन अभ्यासक्रम सुरू केला. पहिली शाळा दिफेरदांजला, मग मोंदोर्फ, युंगलिन्स्टर, क्लेर्व्हो, नंतर मेर्श आणि शहरात गास्तोन थोर्न यांच्या नावाची शाळा. यांना 'मान्यताप्राप्त युरोपियन शाळा' म्हणतात. शिकवणी शुल्क नाही, पालक कुठे नोकरी करतात हे कुणी विचारत नाही, शेवटी प्रमाणपत्र तेच युरोपियन बॅकलॉरिएट. अडचण एकच, जागा मोजक्या आणि अर्ज भरपूर.

आता खरा मुद्दा. शाळेचे नाव बाजूला ठेवा आणि मूल कोणत्या भाषेत काय शिकणार हे आधी कागदावर मांडा. या पद्धतीत प्रत्येक मुलाची एक एल१ असते, म्हणजे मुख्य भाषा. गणित, विज्ञान त्या भाषेतून. एल२ पहिलीपासून (पी१) सुरू होते आणि ती इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन यांतलीच असावी लागते. एल३ माध्यमिकच्या पहिल्या वर्षी (एस१). एल१ आणि एल२ एकच असू शकत नाहीत. तुमच्या मुलांची एल१ इंग्रजी ठरणार. म्हणजे 'इंग्रजी विभागात घातले की मोकळे' हा हिशेब तिथेच संपतो, कारण एल२ फ्रेंच किंवा जर्मन घ्यावीच लागेल.

आणि एल२ म्हणजे आपल्याकडच्या तिसऱ्या भाषेसारखा शंभर मार्कांचा विषय नव्हे. एस३ पासून मानव्यविद्या (इतिहास-भूगोल एकत्र) एल२ मधून शिकवतात, एस४ पासून इतिहास आणि भूगोल स्वतंत्र होतात, तेही एल२ मधून. धर्म किंवा नीतिशिक्षणाचा तासही त्याच भाषेत. अर्थशास्त्र घेतले तर तेही. बॅकलॉरिएटपर्यंत एल२ ची पातळी सी१ अपेक्षित असते (भाषेची युरोपीय मोजपट्टी ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्यांची, सी१ ही पाचवी).

तुमची मुलगी वयाप्रमाणे एस२ मध्ये बसते (कॅलेंडर वर्षात ११ पूर्ण होणारे मूल एस१, १२ वाले एस२). म्हणजे सप्टेंबर २०२६ ला शाळा सुरू आणि सप्टेंबर २०२७ ला भूगोल फ्रेंचमधून. तिच्या वर्गातली मुले ती दाखल होईल तोवर सहा वर्षे फ्रेंच शिकलेली असतील: पी१ ते पी५ आणि एस१. एल२ च्या तासाला 'हा कोण, ती कोण' पासून सुरुवात करणारा गट एस२ मध्ये बहुधा नसतो, तो एल३ ला असतो. मुलगी हुशार असली तरी हा चढ उभा आहे. शाळा आधार तास देतात (साधा, मध्यम आणि सघन अशा पायऱ्या आहेत), पण तो आधार आहे, समांतर वर्ग नव्हे.

मुलाच्या बाबतीत हा प्रश्नच नाही. तो पी१ किंवा पी२ ला जाईल आणि फ्रेंच उचलेल.

---

दाखलेवाला

मोझेलकाठ यांनी शाळेचे सांगितले, मी कागदांचे सांगतो. प्रवेश हुकतात ते बरेचदा कागदांमुळेच, आणि त्यातली निम्मी कामे पुण्यात असतानाच होतात.

जन्मदाखला. पुणे महापालिकेचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, त्यामुळे भाषांतराची गरज सहसा पडत नाही. लक्झेंबर्गमध्ये फ्रेंच, जर्मन किंवा इंग्रजी कागद चालतात. पण दाखल्यावर बाळाचे नाव आहे का ते आज बघा. जन्माच्या वेळी नोंद केलेल्या बऱ्याच दाखल्यांत नावाची जागा कोरी असते. वर्षभरात नाव घालायला शुल्क नसते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. नाव नसलेल्या दाखल्यावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचे प्रमाणीकरण) करून घेतले तर पैसे पाण्यात, कारण नाव घातल्यावर नवा दाखला येतो आणि अपोस्टिल जुन्या कागदावर राहते.

अपोस्टिलचा क्रम: आधी राज्य पातळीवर प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय. मंत्रालय अर्ज थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात. विवाह दाखल्याचेही याच फेरीत उरकून घ्या, कुटुंबाच्या निवास परवान्याला लागतो. आणि कागद लॅमिनेट केलेला नको! त्यावर शिक्का बसत नाही, स्टिकर चिकटत नाही. लॅमिनेट केला असेल तर नवी प्रत काढा.

नावांचा क्रम. शाळेच्या दाखल्यावर 'आडनाव-नाव-वडिलांचे नाव', पासपोर्टवर कधी वडिलांचे नाव मुलाच्या नावाच्या रकान्यात, कधी गायब. लक्झेंबर्गचे कम्यून (आपल्या नगरपालिकेसारखे स्थानिक कार्यालय) पासपोर्टप्रमाणे नोंद करते आणि शाळा ती नोंद उचलते. तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला काढताना मुख्याध्यापकांना पासपोर्टची झेरॉक्स द्या आणि नाव त्याच क्रमाने लिहून मागा. निदान त्याच व्यक्तीची दोन रूपे आहेत असे शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत घ्या.

गुणपत्रके मागच्या दोन-तीन वर्षांची, शाळेच्या शिक्क्यासह. मुलीसाठी विषयवार तासिका आणि अभ्यासक्रमाचे एक पान शाळेकडून मिळाले तर उत्तम. गणितात कुठवर आली आहे हे तिथल्या शिक्षकाला 'ए-१' या श्रेणीवरून कळत नाही.

तिकडचा क्रम: निघण्यापूर्वी तात्पुरता निवास-परवाना आणि व्हिसा हातात हवा. पोचल्यावर तीन दिवसांत कम्यूनमध्ये आगमनाची नोंद. मग वैद्यकीय तपासणी, त्यात क्षयरोगाची चाचणीही येते, आणि तीन महिन्यांच्या आत निवासपत्राचा अर्ज. शाळा कम्यूनचा रहिवास दाखला मागतात. ऑगस्टमध्ये निम्मे कार्यालय सुटीवर असते आणि शाळा सप्टेंबरच्या मध्यावर उघडतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात उतरलात तर मध्ये उसंत नाही. एक पालक जुलैच्या शेवटी पुढे जाऊन घर आणि नोंद करून ठेवतो, ही सोयीची पद्धत.

स्थानिक प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते, ती कम्यूनच देते. बारा वर्षांवरील नवागत मुलांसाठी शिक्षण मंत्रालयाचा वेगळा स्वागत-कक्ष आहे (त्याचे नाव बदलले तरी जुने लोक अजून 'कास्ना'च म्हणतात). तिथे भाषा आणि गणित बघून वर्ग सुचवतात. सरकारी आंतरराष्ट्रीय शाळांचा अर्ज मात्र थेट त्या त्या शाळेकडे, आणि निकष शाळेगणिक वेगळे. पत्ता मिळेपर्यंत थांबू नका. नोकरीचे करारपत्र आणि मुलांची गुणपत्रके जोडून आताच ईमेल टाका, एकाच शाळेला नव्हे.

---

पेट्रूसची दरी

मोझेलकाठ यांच्याशी मुलीबद्दल सहमत, पण त्यांनी चढ दाखवून सोडून दिले. वाट पण आहे.

लिम्पर्ट्सबर्ग भागात मिशेल लुसिउस नावाची सरकारी शाळा आहे. तिथे इंग्रजी माध्यमाचा पूर्ण प्रवाह आहे, ब्रिटिश पद्धतीचा: आधी आयजीसीएसई, मग ए-लेव्हल. सरकारी असल्यामुळे शिकवणी शुल्क नाही. इतिहास-भूगोल इंग्रजीतून, फ्रेंच भाषा म्हणून राहते. बारा वर्षांच्या, फ्रेंच-जर्मन शून्य असलेल्या मुलीसाठी माझ्या मते हा पहिला अर्ज. युरोपियन अभ्यासक्रमाच्या शाळा दुसऱ्या. पुढे सोळाव्या वर्षी बदलायचे झाले तर आतेने द लक्झेंबर्ग या जुन्या सरकारी शाळेत शेवटची दोन वर्षे इंग्रजीतून आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा आहे. खासगीचा पर्याय उघडच आहे, पण वरच्या इयत्तांत वर्षाला वीस हजार युरोंच्या वर जातो. कंपनी देणार नसेल तर दोन मुलांचा हिशेब करून बघा, म्हणजे तो विषय आपोआप मिटेल.

मुलाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. सहा वर्षांच्या मुलाला इंग्रजीच्या कोशात कशाला ठेवायचे? स्थानिक शाळेत घाला. तिथे वर्गातली बोलीभाषा लक्झेंबुर्गिश, अक्षरओळख जर्मनमधून, फ्रेंच आधी तोंडी आणि काही वर्षांनी लेखी. चार-पाच वर्षांत मूल तीन भाषा बोलू लागते आणि शेजारपाजारच्या मुलांत मिसळते. आणि त्याच्या जन्मतारखेचा एक फायदा आहे. स्थानिक शाळेत १ सप्टेंबरचे वय धरतात. नोव्हेंबर २०१९ चा मुलगा १ सप्टेंबर २०२६ ला सहा वर्षांचा, म्हणजे अक्षरओळखीच्या पहिल्या वर्षात, इतर सगळ्यांबरोबर शून्यापासून. मूळ युरोपियन शाळांच्या कॅलेंडर वर्षाच्या नियमाने तो पी२ मध्ये जातो, जिथे बाकीच्यांची एल२ एक वर्ष पुढे आहे. 'पहिली पुन्हा' असे आजी-आजोबांना वाटेल, वाटू द्या.

तोटा न लपवता सांगतो. पालकांना जर्मन येत नसेल तर गृहपाठात हात टेकावे लागतात. अकरा-बाराव्या वर्षी शाळा मुलाला अभिजात किंवा सामान्य माध्यमिक प्रवाहाकडे वळवते, आणि त्या निर्णयात जर्मन आणि फ्रेंच दोन्हींचे वजन मोठे. गणितात उत्तम पण जर्मन वाचनात मागे, असे मूल शाब्दिक उदाहरणांतही मागे पडते. म्हणूनच सरकारने २०२२ मध्ये चार शाळांत फ्रेंचमधून अक्षरओळखीचा प्रयोग सुरू केला आणि पुढे तो देशभर न्यायचे ठरवले. कम्यूनमध्ये नाव घालताना हा पर्याय तुमच्या शाळेत कधी येतो ते विचारा.

---

मोझेलकाठ

पेट्रूसची दरी, मिशेल लुसिउस बरोबर, ते माझ्याकडून राहिले. मुलाबद्दल मात्र 'किमान पाच वर्षे, परत येणेही शक्य' हे कोथरूडकरांचे वाक्य विसरू नका. जर्मनमधून वाचायला शिकलेला मुलगा अकराव्या वर्षी पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या सहावीत बसवायचा म्हणजे विज्ञानाची सगळी परिभाषा नव्याने. इंग्रजी एल१ असेल तर ती अडचण नाही. कायमचे राहणार असाल तर स्थानिक शाळा, परतीची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तर सरकारी आंतरराष्ट्रीय शाळेचा इंग्रजी विभाग. मध्येच पद्धत बदलण्याइतके महाग काही नाही.

आणि कॅलेंडर वर्ष की १ सप्टेंबर, हे सरकारी आंतरराष्ट्रीय शाळेला अर्जाच्या ईमेलमध्येच विचारा. तुमच्या मुलाची तारीख नेमकी त्या फटीत पडते.

---

कोथरूडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीचे चित्र स्पष्ट झाले. दोन शंका उरल्या. अर्जात मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहायचे की इंग्रजी? मराठी लिहिले तर 'इंग्रजी कच्चे' असा अर्थ काढतील का? आणि मुलगी बारावीनंतर भारतात आली, विशेषतः मेडिकलला, तर यातले काय चालते?

---

रफार

मराठीच लिहा. खोटे लिहून काही मिळत नाही, उलट अडकता.

युरोपियन शाळांत विभाग पालकांच्या पसंतीने ठरत नाही. सामान्य नियमावलीतले कलम ४७(ई) सांगते की एल१ म्हणजे मुलाची मातृभाषा किंवा त्याची प्रभावी भाषा, आणि शंका असेल तर शाळा चाचणी घेऊन ठरवते. एकदा ठरलेली एल१ साधारणपणे शेवटपर्यंत तीच. ज्यांच्या भाषेचा विभाग त्या शाळेत नाही अशा मुलांसाठी सोय आहे: मूल इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन विभागात बसते आणि आपल्या भाषेचे तास वेगळे घेते. तुम्ही वाचलेली 'मातृभाषा शिकवतात' ही बातमी बहुधा या सोयीबद्दलची. पण ती युरोपियन संघाच्या अधिकृत भाषांपुरती आहे. लात्व्हियन मुलाला मिळते, मराठीला नाही, हिंदीलाही नाही. म्हणून चाचणीत तुमच्या मुलांचे इंग्रजी बघतील आणि तीच एल१ धरतील. मराठी लिहिण्याचा उपयोग वेगळा आहे: मूल बहुभाषक आहे हे शिक्षकाला पहिल्या दिवसापासून माहीत असते, आणि घरच्या भाषेमुळे होणारी एखादी चूक शिकण्यातली अडचण समजली जात नाही.

इंग्रजी विभागाबद्दल एक गोष्ट. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर मूळ युरोपियन शाळांना ब्रिटिश सरकारकडून येणारे शिक्षक थांबले. वर्गातली पुष्कळ मुले घरी इंग्रजी न बोलणारी असतात. तुमची मुले तिथे उपरी वाटणार नाहीत.

मेडिकल. भारतातल्या प्रवेशासाठी परदेशी प्रमाणपत्राची समकक्षता घ्यावी लागते. नीटसाठी भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी हे चारही विषय बारावीच्या पातळीला हवेत. ए-लेव्हलला याचा अर्थ तीन विज्ञान विषय आणि इंग्रजीचा पुरावा. सोळाव्या वर्षी विषय निवडताना यातला एक सुटला की अडचण. युरोपियन बॅकलॉरिएटमध्ये तिन्ही विज्ञाने एस६ आणि एस७ ला (शेवटची दोन वर्षे) आठवड्याला चार-चार तासांची घ्यावी लागतील. इथे एक बारीक खोच आहे. अंतिम लेखी परीक्षा पाच: एल१, एल२, गणित आणि निवडलेले दोन चारतासी विषय. म्हणजे लेखी परीक्षा दोनच विज्ञानांची होते, तिसऱ्याचे वर्षाचे गुण असतात. एकूण निकालात वर्षभराचे काम ५० टक्के, लेखी ३५, तोंडी १५. समकक्षतेचा अर्ज करताना प्रमाणपत्रासोबत एस६ आणि एस७ ची विषयवार गुणपत्रके लागतील, ती जपून ठेवा. गणित तीन तासांचे आणि पाच तासांचे असे दोन प्रकारचे असते. इंजिनीअरिंगचा विचार असेल तर पाच तासांचेच.

दहावीच्या आत परत आलात तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचे आहे. पाच वर्षे मराठी फक्त बोललेले मूल सहावीच्या मराठीच्या पेपरला अडखळते ते बोलण्यात नाही, लेखनात. म्हणून देवनागरी सुटू देऊ नका.

यासाठी शाळा नको, शिस्त हवी. बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये मोफत उतरवता येतात. इयत्तेच्या एक वर्ष मागचे पुस्तक घ्या, रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचन आणि आठवड्यातून दोनदा पाच ओळींचे श्रुतलेखन. परदेशातल्या मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. 'र' ची रूपे: सूर्य, प्रकाश, ट्रक, आणि दर्या-दऱ्या यांतला फरक. ळ चा ल. 'चमचा' आणि 'चार' यांतला च वेगळा उच्चारला जातो, तो ऐकूनच कळतो, पुस्तकातून नाही. र्‍हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी घ्या, आधी त्याच्या मागे लागलात तर मूल लिहायचेच सोडते. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांचा अभ्यासक्रम अशाच मुलांसाठी बेतलेला आहे, रचना बघायला उपयोगी.

मुलासाठी एक इशारा: ज्या भाषेत तो शाळेत वाचायला शिकतो आहे ती पहिल्या वर्षी बसू द्या. देवनागरी त्याला आत्ता जेवढी येते तेवढी टिकवा, जोडाक्षरे पुढच्या वर्षी.

मुलगी पुढे आयबीला गेली तर मराठी साहित्य 'स्वयंअध्ययन' पद्धतीने पहिली भाषा म्हणून घेण्याची वाट आहे, फक्त साध्या पातळीवर, वरच्या नाही. इंग्रजीही त्याच गटात घेतली आणि दोन्हींत किमान ३ गुण मिळाले तर डिप्लोमा द्विभाषिक होतो. नऊ साहित्यकृती वाचायच्या, त्यांत काही अनुवादित. यादीत नसलेल्या भाषेसाठी शाळेने आयबीकडे बरीच आगाऊ विनंती करावी लागते, तेव्हा समन्वयकाशी बोलणे डिप्लोमाचा वर्ग सुरू होण्याआधीच हवे. पण त्या वयाला मूल मराठी कादंबरी वाचून त्यावर मराठीत निबंध लिहू शकत असेल तरच. म्हणजे पुन्हा ती पंधरा मिनिटे.

---

पेट्रूसची दरी

दोन व्यवहारी गोष्टी राहिल्या.

स्थानिक प्राथमिक शाळा मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी नसते. सोमवार, बुधवार, शुक्रवार चारपर्यंत. दोघे नोकरी करणार असाल तर 'मेझों रले' या पाळणाघराची जागा शाळेच्या प्रवेशाइतकीच महत्त्वाची. सप्टेंबर २०२२ पासून शाळेच्या आठवड्यांत प्राथमिकच्या मुलांना ही सेवा मोफत आहे. जेवणाचे पैसे उत्पन्नावर ठरतात आणि सुटीतल्या आठवड्यांचे शुल्क वेगळे. त्यासाठी कम्यूनमध्ये सेवा-चेकचा (पाळणाघराच्या खर्चातल्या सरकारी वाट्याचा) करार करावा लागतो. जागा कमी, अर्ज ताबडतोब. जेवणाच्या अर्जात शाकाहारी असाल तर अंडी चालतात की नाही हे स्पष्ट लिहा. नुसते 'शाकाहारी' लिहिले की मासे वाढले जाण्याची शक्यता राहते.

शाळा लांब असल्याचे दडपण घेऊ नका. मार्च २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत आहे. बारा वर्षांची मुले एकटी प्रवास करतात. घर शोधताना अंतरापेक्षा थेट बस किंवा गाडी आहे का ते बघा. दोन ठिकाणी बदलावी लागली तर हिवाळ्यात सकाळी सहाला उठवावे लागते.

---

मोझेलकाठ

आणि फ्रेंच आत्ताच सुरू करा, दोघांचेही, शाळा कुठलीही मिळो. पुण्यात आलियांस फ्रॉन्सेज आहे. फेब्रुवारीत बसली तर ऑगस्टपर्यंत मुलीचे ए१ पूर्ण होऊन ए२ ला हात लागतो. शिक्षकांना सांगा की परीक्षेचे व्याकरण नको, वर्गात लागणारे ऐकणे आणि वाचणे हवे: सूचना, गणिताची क्रियापदे, नकाशावरची नावे. मिशेल लुसिउसला जागा मिळाली नाही आणि एस२ च घ्यावे लागले तर शाळेशी पहिल्या भेटीत एवढेच विचारा की एल२ चा आधार आठवड्याला किती तास आणि तो कुठल्या तासाच्या वेळी. संगीत किंवा खेळाच्या तासातून मुलीला उचलून आधाराला नेणार असतील तर वेळ बदलून मागा. नव्या मुलीला मैत्रिणी मिळतात त्या याच तासांना, कारण तिथे सगळ्या विभागांची मुले एकत्र असतात आणि वर्गात फ्रेंच बोलण्याची तिला लागणारी तालीमही तिथेच होते.

---

कोथरूडकर

जन्मदाखले काढून पाहिले. मुलाच्या दाखल्यावर नाव आहे, मुलीच्या दाखल्यावर रकाना कोरा आहे. उद्या वॉर्ड ऑफिस गाठतो. मिशेल लुसिउस, गास्तोन थोर्न आणि मोंदोर्फ अशा तिघांना आज ईमेल पाठवत आहे. दाखलेवाला, अभ्यासक्रमाचे पान शाळेकडून इंग्रजीत मागताना एनसीईआरटीच्या धड्यांची यादी पुरेल की तासिकाही लिहून घेऊ?

---

दाखलेवाला

तासिकाही घ्या. आठवड्याला गणिताचे किती तास आणि प्रत्येकी किती मिनिटांचे, हे लिहिलेले असले पाहिजे. आणि वॉर्ड ऑफिसला जाताना मुलीचा पासपोर्ट, शाळेचा बोनाफाईड आणि दोघा पालकांची आधार कार्डे मूळ प्रतींसह न्या. नाव इंग्रजीत कसे लिहायचे ते पासपोर्टवरून अक्षर न अक्षर उतरवून द्या, तिथल्या टंकलेखकावर सोडू नका.